बेसबॉल: नवा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च लीगमध्ये, बोलावताना

आधी संघाच्या ४० जणांच्या यादीत (मेजर लीगमध्ये खेळवता येतील अशा खेळाडूंच्या) जागा आहे का ते बघा. ती भरलेली असेल, तर दीर्घ दुखापतीचा खेळाडू ६० दिवसांच्या दुखापत यादीत हलवा; मग तो ४० जणांत धरला जात नाही. नाहीतर कुणाला तरी वगळावं लागतं आणि त्याचा निकाल (दुसऱ्या संघाला द्यायचा की सोडायचा वगैरे) सात दिवसांत लावावा लागतो. मग प्रत्यक्ष सामने खेळणाऱ्या २६ जणांच्या चमूत जागा करा: ऑप्शन (खालच्या लीगमध्ये पाठवण्याची मुभा) शिल्लक असलेला खेळाडू ट्रिपल-एला, म्हणजे मेजरच्या लगेच खालच्या लीगमध्ये, पाठवा. ऑप्शन संपलेल्याला वेव्हर्सशिवाय, म्हणजे बाकीच्या संघांना त्याला घेण्याची संधी दिल्याशिवाय, पाठवता येत नाही, इथेच घोळ होतो.

मेजर लीगमधल्या सेवेचे १७२ दिवस भरले की पूर्ण वर्ष धरतात आणि खेळाडू संघाच्या ताब्यातून मोकळा होण्याच्या तितका जवळ जातो, म्हणून तारीख मोजूनमापून ठरवा. पण पोरगा तयार असताना केवळ दिवस वाचवायला त्याला ताटकळत ठेवू नये.

मैदानाची ओळख पहिल्याच दुपारी करून द्या. बोस्टन संघाच्या फेनवे पार्क मैदानाची डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे. तिला लागून चेंडू वेगाने उलटा येतो. भिंतीला चिकटून उभा राहिलेल्याच्या डोक्यावरून तो मागे जातो आणि फलंदाज आरामात दुसरा बेस गाठतो. भिंतीपासून अंतर ठेवून, वेगवेगळ्या उंचीवर चेंडू मारून उसळी ओळखायला लावा.

आणि बोलावलंत तर रोज खेळवा. बाकावर बसून फलंदाजीची लय जाते.