विद्यापीठाच्या विमानाने कामाला जाताना या चुका टाळा

अमेरिकेतील अनेक मोठी सरकारी विद्यापीठे लहान गावांत वसलेली आहेत. आयोवातील एम्स किंवा ओक्लाहोमातील स्टिलवॉटर अशा ठिकाणाहून दुसऱ्या राज्यातील बैठक आटोपून त्याच रात्री घरी परतायचे असेल, तर प्रवासी विमानसेवेचे वेळापत्रक क्वचितच जुळते. त्यामुळे काही विद्यापीठांनी स्वतःची विमाने ठेवली आहेत आणि त्यांत किंग एअर जातीची दोन इंजिनांची टर्बोप्रॉप विमाने बरीच दिसतात. अध्यक्ष, अधिष्ठाते आणि क्रीडा प्रशिक्षक यांच्याबरोबर एखाद्या प्राध्यापकालाही त्यात जागा मिळते. या विद्यापीठांत मराठी प्राध्यापक आणि प्रशासक आता पुष्कळ असल्याने हा विषय आपल्या वाचकांपैकीही काहींच्या टेबलावर कधी ना कधी येतो. बहुतेक जण विद्यापीठाचे प्रवास धोरण वाचतात आणि तेवढ्यावर थांबतात. प्रत्यक्षात या प्रवासाला विमान वाहतुकीचे नियम पाहणारी एफएए, कर पाहणारी आयआरएस आणि संशोधनाला अनुदान देणारी संस्था अशा तिघांचे वेगवेगळे नियम लागू असतात, आणि एकाचे समाधान केल्याने दुसऱ्याचे आपोआप होत नाही.

पैसे भरले म्हणजे प्रश्न मिटला, हा समज

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, आणि तो बहुधा प्रामाणिक माणसाकडून होतो. एखाद्या अधिकाऱ्याबरोबर बाहेरचा पाहुणा प्रवास करतो. फुकट नेणे बरे दिसणार नाही म्हणून त्याच्याकडून तिकिटाइतक्या रकमेचा धनादेश घेतला जातो आणि तो खात्यात जमा होतो. विद्यापीठाच्या लेखापालाला हे योग्य वाटते. एफएएच्या दृष्टीने मात्र पैसे घेऊन प्रवासी नेणे हे भाड्याच्या वाहतुकीचे लक्षण आहे आणि त्यासाठी नियमावलीच्या भाग 135 खालील परवाना लागतो. विद्यापीठाचे विमान सहसा भाग 91 खाली, म्हणजे स्वतःच्या कामासाठी, चालवले जाते. किंग एअर 350 सारख्या विमानांना लागू असलेले कलम 91.501 संस्थेच्या अधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना आणि पाहुण्यांना संस्थेच्या कामानिमित्त नेण्याची मुभा देते आणि विमान बाळगण्याच्या, चालवण्याच्या व देखभालीच्या खर्चापेक्षा जास्त आकारणी करू देत नाही. परंतु पाहुण्याचा प्रवास संस्थेच्या कामाशी निगडित नसेल, तर त्याच्याकडून एक डॉलरही घेता येत नाही. थोडक्यात, ज्याला विमानात बसवायलाच नको होते त्याच्याकडून पैसे घेतल्याने एका चुकीच्या दोन होतात.

विद्यापीठाच्या एका विभागाच्या खात्यातून विमान विभागाच्या खात्यात खर्च वर्ग करणे ही वेगळी बाब आहे, कारण संस्था एकच असते. मात्र येथेही एक खाचखळगा आहे. देणग्या गोळा करणारे फाउंडेशन आणि काही ठिकाणी क्रीडा मंडळ ही कायद्याने स्वतंत्र संस्था असते. ‘आपलेच तर आहे’ असे म्हणून तिच्याकडून उड्डाणाचे पैसे वसूल करण्यापूर्वी कायदा विभागाचे लेखी मत घ्यावे. तोंडी होकारावर विसंबू नये.

याला जोडूनच आणखी एक गैरसमज आढळतो. विद्यापीठ सरकारी, म्हणून विमानही ‘सरकारी विमान’ आणि त्याला नागरी नियमांतून सूट, असे काही जण गृहीत धरतात. ती सूट अग्निशमन, शोध व बचाव, कायदा-सुव्यवस्था, वैमानिकी संशोधन अशा शासकीय कामांसाठी आहे. अधिष्ठात्यांना निधी संकलनाच्या जेवणाला नेणे त्यात बसत नाही.

रिकामी खुर्ची फुकट असते, हा समज

विमान तसेही जाणारच आहे, दोन जागा रिकाम्या आहेत, मग पत्नीला किंवा पतीला बरोबर घेतले तर काय बिघडले, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. घरच्या गाडीच्या मागच्या सीटबद्दल आपण तोच विचार करतो. करखात्याचा हिशेब निराळा आहे. जोडीदाराच्या प्रवासाला विद्यापीठाच्या कामाचे खरे कारण नसेल, तर त्या प्रवासाचे मूल्य कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते आणि डब्ल्यू-2 या वार्षिक वेतन-कर पत्रकावर दाखवावे लागते. जेवणाच्या वेळी शेजारी बसणे किंवा यजमानांशी ओळख करून घेणे एवढे कारण लेखापरीक्षणात सहसा टिकत नाही.

हे मूल्य बाजारातील तिकिटावरून काढण्याऐवजी बहुतेक संस्था परिवहन खात्याने दर सहा महिन्यांनी जाहीर केलेल्या प्रतिमैल दरावरून काढतात. त्या दराला विमानाच्या कमाल वजनानुसार ठरलेल्या टक्क्याने गुणायचे आणि त्यात ठरावीक टर्मिनल आकार मिळवायचा. 10,001 ते 25,000 पौंड गटातील विमानासाठी, ज्यात 15,000 पौंडांचे किंग एअर 350 येते, हा टक्का सामान्य कर्मचाऱ्याला 31.3 आणि ‘नियंत्रक’ कर्मचाऱ्याला 300 आहे. म्हणजे त्याच विमानात, त्याच मार्गावर, शेजारच्या खुर्चीचे करपात्र मूल्य जवळपास दहापट होऊ शकते. सरकारी संस्थेत नियंत्रक कोण, हे पदाच्या नावावरून ठरत नाही. निवडून आलेला अधिकारी, किंवा ज्याचा पगार केंद्र सरकारच्या एक्झिक्युटिव्ह लेव्हल पाचच्या वेतनाइतका वा त्याहून अधिक आहे असा कोणीही, त्यात मोडतो. वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक आणि फुटबॉलचा प्रशिक्षक आपण प्रशासनात नाही म्हणून निर्धास्त असतात, पण त्यांचा पगार पाहता ही निर्धास्ती अनाठायी ठरते.

एक सवलत अवश्य माहीत असावी. विमानातील नेहमीच्या प्रवासी आसनांपैकी निम्मी किंवा अधिक आसने संस्थेच्या कामासाठी जाणाऱ्यांनी भरलेली असतील, तर खासगी कारणाने बसलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रवासाचे मूल्य शून्य धरले जाते. परंतु ही अट तो विमानात चढतो तेव्हाही आणि उतरतो तेव्हाही पूर्ण व्हावी लागते. आठ आसनांच्या विमानात चार जण कामासाठी निघाले, त्यांतील एक वाटेत शिकागोला उतरला आणि सवलतीवर भिस्त ठेवलेला कर्मचारी पुढे वॉशिंग्टनपर्यंत गेला, तर उतरताना कामाचे प्रवासी तीनच उरतात आणि सवलत हातची जाते. म्हणूनच प्रवासी यादी संपूर्ण सहलीची एकच न करता प्रत्येक टप्प्याची वेगळी करावी आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीचे प्रवासाचे कारण लिहावे. ‘विद्यापीठाचे काम’ हे कारण नव्हे. कोणाशी, कोठे, कोणत्या विषयावर भेट आहे, एवढे तरी त्यात आले पाहिजे.

वाटेत एक थांबा

आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तेथील तत्कालीन अध्यक्ष स्वतः वैमानिक होते. जुलै 2015 मध्ये इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन येथे उतरताना त्यांच्या हातून विद्यापीठाच्या सिरस विमानाचे नुकसान झाले, आणि ही गोष्ट सप्टेंबर 2016 मध्ये लोकांसमोर आली. त्यानंतर आधीच्या उड्डाणांची पाने उलटली गेली, तेव्हा 2014 मध्ये बास्केटबॉल सामन्यांसाठी न्यूयॉर्कला जाताना विद्यापीठाचे किंग एअर वाटेत एल्मायरा येथे नातेवाइकांसाठी थांबल्याचेही समोर आले. खासगी कामे आणि विद्यापीठाची कामे एकाच सहलीत मिसळली होती, आणि नंतर पैसे परत केल्याने चर्चा थांबली नाही.

सहल मुख्यतः कामाची असेल आणि वाटेत खासगी थांबा घेतला असेल, तर केवळ वाढलेल्या मार्गाचे मूल्य करपात्र ठरते. कराचा हा हिशेब अवघड नाही. माझ्या मते खरी अडचण उड्डाणाच्या आराखड्यात आहे. विमान कोणत्या विमानतळावर किती वेळ उभे होते, याची नोंद राहते आणि सरकारी विद्यापीठाच्या नोंदी माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागता येतात. थांबा आवश्यक असेल तर त्याचे कारण उड्डाणापूर्वीच्या मंजुरीत असावे. प्रवास करणाऱ्यानेच स्वतःच्या प्रवासाला मंजुरी देणे तर कोणत्याही पदावर टाळावे. अध्यक्षांच्या बाबतीत ती सही नियामक मंडळाकडून किंवा वित्त अधिकाऱ्याकडून यावी.

संशोधन अनुदानावर संपूर्ण खर्च टाकणे

केंद्रीय अनुदानातून प्रवास करणाऱ्या प्राध्यापकांची ही नेहमीची चूक आहे. केंद्रीय नियमसंहितेतील 2 सीएफआर 200.475 या कलमानुसार संस्थेच्या मालकीच्या विमानाचा खर्च अनुदानात धरता येतो, पण नियमानुसार मान्य झालेल्या प्रवासी विमानाच्या तिकिटाइतकाच. त्यावरील रक्कम विद्यापीठाला दुसऱ्या निधीतून भरावी लागते. तुलनेसाठीचे तिकीट प्रवास ठरवतानाच पाहून त्याची तारखेसह छापील प्रत जोडावी. तीन महिन्यांनी लेखापरीक्षकाने विचारल्यावर त्या दिवसाचे भाडे कोणालाच सापडत नाही. विमान रिकामे परतले असेल, तर त्या फेरीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली गेला, हेही पाहावे. एकूण खर्चाची तुलना करताना रिकाम्या फेऱ्या वगळल्या की विद्यापीठाचे विमान कागदावर नेहमीच स्वस्त दिसते.

विद्यापीठाचे विमान मिळाले नाही म्हणून ओळखीच्याचे

27 जानेवारी 2001 रोजी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल चमूला घेऊन निघालेले किंग एअर कोलोरॅडोत कोसळले आणि दहा जण गेले. विद्यापीठाने त्यानंतर संघाच्या प्रवासाचे नियम कडक केले. 17 नोव्हेंबर 2011 रोजी त्याच विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक आणि त्यांच्या सहायक प्रशिक्षक खेळाडू निवडण्यासाठी एका हितचिंतकाच्या लहान पायपर विमानातून निघाले आणि आर्कान्सामधील अपघातात चौघांचा मृत्यू झाला. विद्यार्थी-खेळाडूंसाठी असलेले नियम प्रशिक्षकांना लागू नव्हते. आपल्या संस्थेचे धोरण वाचताना हेच प्रथम पाहावे: ते फक्त विद्यापीठाच्या विमानाबद्दल बोलते, की कामानिमित्त वापरलेल्या प्रत्येक खासगी, भाड्याच्या आणि देणगीदाराच्या विमानाबद्दलही. उत्तर अस्पष्ट असेल, तर विमा विभागाकडून लेखी खुलासा येईपर्यंत अशा विमानात बसू नये.

उड्डाणापूर्वी प्रवाशाचे वजन विचारल्यावर संकोचाने दहा-पंधरा पौंड कमी सांगणे आणि ऐन वेळी जास्तीचे सामान आणणे या चुका क्षुल्लक वाटतात. 1977 मध्ये इव्हान्सव्हिल विद्यापीठाच्या संघाला नेणारे भाड्याचे डीसी-3 कोसळून 29 जण मेले, तेव्हा विमान उभे असताना सुकाणू हलू नयेत म्हणून लावलेली कुलुपे न काढणे आणि सामानाची चुकीची मांडणी ही कारणे निघाली होती. लहान विमानात प्रत्येक पेटीची जागा वैमानिक ठरवतो.

चूक होऊन गेली असेल तर काय करावे? कागद मागच्या तारखेने बदलू नयेत. प्रवासी यादीत नाव राहिले असेल, तर आजच्या तारखेची पुरवणी जोडावी. पाहुण्याचा धनादेश आला असेल, तर तो जमा करण्यापूर्वी कायदा विभागाला कळवावे. जोडीदाराच्या प्रवासाची नोंद राहिली असेल, तर त्याच कॅलेंडर वर्षात वेतन विभागाला सांगितल्यास दुरुस्ती सोपी जाते. वर्ष उलटल्यावर दुरुस्तीचा डब्ल्यू-2-सी फॉर्म काढावा लागतो. आणि हवामानामुळे वैमानिकाने उड्डाण रद्द केले, तर कितीही मोठ्या अधिकाऱ्याने त्याला फोन करू नये. महत्त्वाच्या बैठकीसाठी परत करता येणारे तिकीट आधीच काढून ठेवावे आणि त्याचा खर्च मूळ मंजुरीतच मागून घ्यावा.