हँडहेल्ड गेमिंग पीसी घेताय? खानदेशातल्या पोरांनो, आधी या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली तेव्हा भाचाही सोबत होता. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं, घर सुस्तावलं आणि तो मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. स्क्रीनवर तीन हँडहेल्डचे, म्हणजे हातात धरून खेळायच्या पीसींचे, फोटो होते. "मामा, यातला कोणता घेऊ?" मी विचारलं, "तू खेळणार कुठे आणि कधी?" त्याला पटकन उत्तर देता आलं नाही. पलीकडून आईने किंमत ऐकली आणि म्हणाली, "इतला पैसा?"

दोघांचेही प्रश्न खरे होते. माझ्याकडे हे यंत्र गेली दोन वर्षं आहे, त्यामुळे जळगाव, भुसावळ, अमळनेरकडची ओळखीची पोरं घेण्याआधी मला विचारतात. काही जण घेतल्यानंतर विचारतात, आणि त्यांचे फोन मला जास्त लागतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

मॉडेल आधी निवडणं

हँडहेल्ड म्हणजे सात-आठ इंची स्क्रीन आणि दोन्ही बाजूंना जॉयस्टिक असलेला पूर्ण कॉम्प्युटर. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. २०२३ मध्ये असूसचा आरओजी अ‍ॅलाय आला. भारतात त्याची सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये होती. त्यापाठोपाठ लेनोवोचा लीजन गो, एमएसआयचा क्लॉ अशी रांग लागली. व्हिडिओ बघून पोरं यांची तुलना तोंडपाठ करतात, पण आपल्या दिवसात हे यंत्र कुठे बसतं याचा हिशोब कोणी करत नाही.

माझं काम फिरतीचं आहे. जळगावहून सुरतेला जाणारी गाडी पाच-सहा तास घेते आणि नंदुरबारनंतर मोबाईलची रेंज येते-जाते. तो माझा खेळण्याचा वेळ. टेबल नाही, इंटरनेट नाही, पण हातात खेळ आहे. हँडहेल्डची किंमत अशा ठिकाणी वसूल होते. तुम्ही रोज रात्री एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसून खेळणार असाल, तर साधारण तेवढ्याच पैशात वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप येतो. तो खेळ जास्त चांगला चालवतो आणि कॉलेजचा प्रोजेक्टही त्यावर होतो. "हँडहेल्डला कीबोर्ड-मॉनिटर जोडला की झाला लॅपटॉप," असं पोरं म्हणतात. जोडता येतं, खरं आहे. पण डॉक (या जोडण्यांचा खोका), कीबोर्ड, माऊस, मॉनिटर यांचे पैसे धरा आणि तो पसारा वर्गात कसा नेणार तेही बघा.

भाच्याला मी एक काम सांगितलं. पंधरा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. टेबलापासून दूर, निदान अर्धा तास मोकळा आणि खेळावंसं वाटलं, असं झालं त्या दिवशी फुली.

ऊन हिशोबात न धरणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत हे कधीच येत नाही.

जुलै २०२२ मध्ये युरोपात उन्हाची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हने स्टीम डेकच्या ग्राहकांना कळवलं होतं की हे यंत्र भोवतालच्या ० ते ३५ अंश तापमानात चांगलं चालतं. आतली चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते आणि १०५ अंशांवर यंत्र बंद पडतं. आता आपल्याकडचा मे आठवा. मे हीटच्या तडाख्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम असतो आणि पत्र्याच्या खोलीत तर दुपारी बसवत नाही. म्हणजे आपली खोलीच त्या ३५ अंशांच्या वर असते. पंखा गरम हवाच आत ओढणार, मग चिप थंड कशाने होणार?

त्यामुळे मार्च ते जून या महिन्यांत "माझा पीस खराब निघाला, खेळ अडकतो" असा फोन आला की मी आधी वेळ विचारतो. दुपारी तीन, लाईट गेलेली, कूलर बंद. हा पीसचा दोष नसतो. पहाटे किंवा रात्री उशिरा तोच खेळ लावून बघा. तेव्हा सुरळीत चालला तर दुखणं उष्णतेचं आहे.

उपाय साधे आहेत. उन्हाळ्यात चिपची पॉवर १२ ते १५ वॅटवर बांधून ठेवा. फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ४० करा. एका फ्रेमला लागणारा वेळ पाहिला तर ४० हा आकडा ३० आणि ६० च्या बरोब्बर मध्ये येतो: ३३, २५ आणि १७ मिलिसेकंद. डोळ्यांना फरक कमी जाणवतो, यंत्राला मात्र मोठा आराम मिळतो. कूलरच्या खोलीत खेळा, पण थेट जाळीसमोर, ओल्या हवेच्या झोतात नको. गादीवर किंवा उशीवर ठेवून मागची जाळी झाकू नका. आणि तापलेलं यंत्र फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. एकाने ठेवलं होतं. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि पाणी सर्किटवर बसतं.

बॅटरीलाही ऊन सोसत नाही. पूर्ण चार्ज करून गरम जागी ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच हँडहेल्डमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. घरी असताना ती चालू ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत यंत्र ठेवून लग्नाला जाऊ नका.

मेमरी कार्डाबद्दलही सांगतो. २०२३ च्या पहिल्या आरओजी अ‍ॅलायमध्ये ठरावीक उष्णतेत कार्ड रीडर बिघडू शकतो, हे असूसने स्वतः मान्य केलं होतं. सेकंडहँड घेताना तो पीस असेल तर कार्ड घालून, अर्धा तास खेळ चालवून, मगच पैसे द्या.

"बॅटरी किती तास?" एवढंच विचारणं

तास विचारू नका, वॅट-अवर विचारा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. पहिला अ‍ॅलाय आणि जुना स्टीम डेक यांची बॅटरी ४० वॅट-अवरची, ओएलईडी स्टीम डेकची ५० ची, अ‍ॅलाय एक्सची ८० ची. भागाकार सोपा आहे. चिप २५ वॅटवर चालवली की स्क्रीन, पंखा धरून सगळं यंत्र ३५ वॅटच्या आसपास खातं. ४० भागिले ३५, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. हलका खेळ, मंद प्रकाश आणि एकूण खर्च १० वॅट असेल तर तीच बॅटरी चार तास जाते. दुकानदार चार तास सांगतो आणि मित्र एक तास सांगतो, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

पॉवर बँक घेणार असाल तर २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, आणि त्यातलाही काही भाग वाटेत जातो. ती ६५ वॅट पीडी (यूएसबी-सीवरचं जलद चार्जिंग) देणारी हवी. मोबाईलच्या १८ वॅटच्या चार्जरवर जड खेळ खेळलात तर चार्जिंग चालू असूनही टक्के उतरत जातील.

आपला खेळ त्यावर चालतो का, हे न बघणं

आपल्याकडची निम्मी पोरं बीजीएमआय खेळतात. तो मोबाईलचा खेळ आहे. पीसीसाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही. त्यासाठी सत्तर हजार घालवणार असाल तर आजच थांबा. पीसीवरचा पबजी वेगळा आहे, तो विंडोजवर चालतो.

पुढचा प्रश्न विंडोज की स्टीमओएस. स्टीमओएस लिनक्सवर उभी आहे. ती वापरायला सुटसुटीत आहे आणि खेळ मधेच झोपवून पुन्हा तिथूनच उठवायला विंडोजपेक्षा फार बरी. पण फसवणूक रोखणारी जी सॉफ्टवेअर ऑनलाईन खेळांत असतात, त्यातली काही तिच्यावर चालत नाहीत. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाईट चालत नाही. जीटीए ऑनलाईन आधी स्टीम डेकवर चालायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय हे असंच फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर आलं आणि तो बंद झाला. म्हणजे आज चालणारा खेळ उद्याही चालेलच, असं नाही. मित्रांसोबत ऑनलाईन खेळणं हाच तुमचा मुख्य आनंद असेल तर विंडोजचं यंत्र घ्या. एकट्याने गोष्टीचे खेळ खेळणाऱ्याला स्टीमओएस पुरते.

अक्षरांचा आकारही बघा. मॉनिटरसाठी बनवलेल्या खेळांत सात इंचावर मजकूर मुंगीएवढा दिसतो. वजनही पाहा: आरओजी अ‍ॅलाय ६०८ ग्रॅम, पहिला लीजन गो कंट्रोलरसकट ८५४. मोबाईल साधारण दोनशे ग्रॅमचा असतो.

डाऊनलोडचा विचार नंतर करणं

मोठे खेळ आता १००-१५० जीबीचे असतात. रोजच्या दोन जीबी मोबाईल डेटावर १०० जीबीला पन्नास दिवस लागतात. ४० एमबीपीएसच्या फायबरवर साडेपाच तास. गावात फायबर आलं नसेल तर शहरातल्या मित्राच्या घरी एक रात्र यंत्र लावून ठेवा, किंवा छोटे खेळ निवडा. स्टारड्यू व्हॅली एक जीबीच्याही आत आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आलेला 'राजी' हँडहेल्डवर छान दिसतो, आणि आपल्या मातीतला खेळ खेळण्याचं समाधान वेगळंच. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाईन दुकानात, विकत घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत तो आपल्या यंत्रावर नीट चालतो का ते तपासून घ्या.

बिलाशिवाय घेणं

स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. जो मिळतो तो बाहेरून आणलेला, आणि दुकानदार "आमची वॉरंटी" म्हणतो ती त्याच्या शब्दावर. शब्द पाळणारे दुकानदारही आहेत, पण बोर्ड गेलं तर तेही हात वर करतील, कारण सुटा भाग मिळवायचा कुठून? भारतात अधिकृत विकल्या जाणाऱ्या मॉडेलचं जीएसटी बिल घ्या आणि दुरुस्ती जळगावात होते की यंत्र बाहेर पाठवावं लागतं, हे घेण्याआधीच विचारा. माझी डावी जॉयस्टिक बिघडली तेव्हा यंत्र कुरिअरने बाहेरगावी गेलं आणि पाच आठवड्यांनी परत आलं. खोकं मी जपून ठेवलं होतं, ते तेव्हा कामी आलं.

घेऊन झालंय आणि त्रास देतंय?

खेळ अडखळतोय आणि खोली थंड आहे, तर ग्राफिक्ससाठी किती मेमरी राखून ठेवली आहे ते बघा. १६ जीबीच्या यंत्रात चिप आणि ग्राफिक्स एकाच ताटात जेवतात. ४ जीबी दिलेली असेल तर ६ करून बघा. थेट ८ दिली तर विंडोजलाच कमी पडायला लागते. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि खेळात एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) असेल तर चालू करा. सात इंचावर ७२० फार वाईट दिसत नाही. अल्ट्रा सेटिंगचा हट्ट सोडा.

रात्री बॅगेत ठेवलं, सकाळी बॅटरी शून्य आणि बॅग गरम? ही विंडोजच्या स्लीपची खोड आहे. पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट लावा. सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, पण बॅटरी जागेवर राहील.

पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागलं तर लगेच जॉयस्टिक बदलायला नेऊ नका. आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे जॉयस्टिकचा मध्य पुन्हा ठरवा, मग डेडझोन (मधली जागा, जिथली हालचाल यंत्र धरत नाही) थोडा वाढवा. तरीही सरकत असेल तर सेन्सर झिजला आहे. नवीन घेणाऱ्यांनी हॉल इफेक्ट जॉयस्टिक आहेत का ते विचारावं. त्या चुंबकावर चालतात, घासत नाहीत.

पंखा अचानक मोठ्याने ओरडायला लागला तर धूळ. जिनिंगच्या शेजारी राहणाऱ्या एका मित्राचं यंत्र मी उघडलं, तर जाळीवर कापसाचा पिंजलेला थर बसला होता. मऊ ब्रशने मागची जाळी महिन्यातून एकदा झाडा. झाकण उघडायचं असेल तर वॉरंटी संपली आहे ना, ते आधी बघा.

सेकंडहँड यंत्रात विंडोज असेल तर बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता त्यात शेजारी-शेजारी दिसतात. ४० ची ३० झाली असेल तर भाव तेवढा उतरवून मागा.

भाच्याने पंधराव्या दिवशी कॅलेंडरचा फोटो पाठवला. चार फुल्या होत्या आणि चारही चोपडा-जळगाव एसटीतल्या. बाकी सगळं खेळणं होस्टेलच्या टेबलावर. त्याने लॅपटॉप घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तो आला की माझं यंत्र त्याच्याकडे असतं, आणि सुरतेच्या गाडीला निघताना मी ते परत मागून घेतो.