पाहुण्यांना लोआरचे शातो दाखवताय? दिवसाला दोनच ठेवा

भारतातून मित्र आले की सगळ्यांना एका दिवसात फ्रान्समधल्या लोआर नदीच्या भागातले पाच शातो, म्हणजे किल्लेवजा महाल, बघायचे असतात, पण खरंच सांगते, दिवसाला दोनच करा, तिसऱ्यापासून सगळ्या खोल्या सारख्याच दिसायला लागतात आणि पाय बोलायला लागतात ते वेगळंच. मुक्काम आंब्वाझला ठेवा. गाव छोटंसं आहे, लिओनार्दो दा विंची 1519 मध्ये तिथेच वारला, त्याचं घर आणि कबर दोन्ही चालत बघून होतं.

शांबोरच्या महालात गेलात की मधल्या दुहेरी जिन्यापाशी ग्रुपचे दोन भाग करा, अर्धे एका बाजूने चढा, अर्धे दुसऱ्या, मधल्या झरोक्यांतून एकमेकांना हात करता येतो पण वाटेत भेट काही होत नाही, लहान मुलं तर परत परत चढतात. शनाँसोचा महाल मात्र सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, शेर नदीवरच्या पुलावर बांधलेली ती लांबलचक गॅलरी रिकामी मिळाली तर काय सुंदर दिसते! आणि खालचं स्वयंपाकघर चुकवू नका, ते पुलाच्या खांबांतच आहे, तांब्याची भांडी ओळीने टांगलेली, सामान होडीने थेट खाली यायचं.

जेवणाचं बघा हं. खेड्यातली हॉटेलं साधारण 12 ते 2 जेवण देतात, नंतर किचन बंद. कोणी शाकाहारी असेल तर सकाळीच बूलांजरीतून, म्हणजे बेकरीतून, ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा, रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंदच असतात.