एआर पिस्तूल: नळी किती इंचांची?

अमेरिकेत एआर (एआर-१५ रायफलीच्या) धर्तीचं पिस्तूल जुळवताना आधी काडतूस ठरवा, मग नळी. ५.५६ मिमी हे मूळचं एम-१६ रायफलीच्या २० इंची नळीतलं काडतूस. ७ इंची नळीत त्याची बरीचशी दारू बाहेरच जळते. गोळीचा वेग पडतो, भडका आणि आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. दिसायला रुबाबदार, एवढंच! साडेदहा इंचांखाली न गेलेलं बरं. .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची दारू लवकर जळते, त्याला ९ इंच पुरतात. आणि हो, १६ इंचांहून आखूड नळी असताना खांद्याला टेकवायचा दस्ता हौसेनं जोडू नका. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार अशा बंदुकीची आधी नोंदणी लागते. राज्याचे नियम आणखी वेगळे, तेही खरेदीआधीच तपासा.