फ्लोरिडात नव्याने आलेल्यांसाठी: हरिकेनच्या वाटा समजून घेताना

टॅम्पा, ओरलँडो किंवा मायामी परिसरात नुकत्याच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून दरवर्षी पहिली चौकशी होते ती यंदा किती वादळे येणार याची. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते यंदाचे वारे वादळांना कोणत्या दिशेने नेणार हे, कारण संख्येचा आणि आपल्या दाराशी येणाऱ्या संकटाचा संबंध फार सैल आहे. २०१० साली अटलांटिकमध्ये १९ वादळांना नावे दिली गेली, तरीही एकही हरिकेन, म्हणजे तीव्र चक्रीवादळ, अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकले नाही. १९९२ चा हंगाम मात्र अगदी शांत होता. नाव मिळालेले पहिलेच वादळ ऑगस्टच्या मध्यावर तयार झाले, आणि त्याच अँड्र्यूने २४ ऑगस्टला मायामीजवळचे होमस्टेड उद्ध्वस्त केले.

वादळ स्वतःच्या मर्जीने फारसे चालत नाही. भोवतालचे मोठे वारे त्याला वाहून नेतात. अटलांटिकवर उन्हाळ्यात जो विस्तीर्ण उच्च दाबाचा प्रदेश असतो, ज्याला येथे बर्म्युडा हाय म्हणतात, त्याच्या भोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि आफ्रिकेकडून निघालेली वादळे त्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेकडे सरकतात. हा प्रदेश पश्चिमेकडे पसरलेला व बळकट असेल, तर वादळांना उत्तरेकडे वळायला वाट मिळत नाही आणि ती कॅरिबियन, फ्लोरिडा किंवा मेक्सिकोच्या आखाताकडे ढकलली जातात. २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन यांनी सुमारे सहा आठवड्यांत फ्लोरिडाला तडाखे दिले, त्यामागे ही स्थिती मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. उलट हा उच्च दाबाचा प्रदेश पूर्वेकडे आक्रसला, किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कमी दाबाची द्रोणीय स्थिती (लांबट पट्टा) वारंवार येत राहिली, तर वादळे भर समुद्रातच वळून निघून जातात.

एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गरम होण्याचा, परिणाम आपल्याला कोकणच्या अनुभवावरून चटकन समजेल. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते आठवावे. भर पावसाळ्यात खालचे वारे पश्चिमेकडून आणि उंचावरचे पूर्वेकडून जोरात वाहतात, त्यामुळे वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. एल निनोच्या वर्षी कॅरिबियन आणि अटलांटिकवर वाऱ्यांमधील असाच फरक वाढतो, म्हणून तिथे सहसा कमी वादळे तयार होतात. तरीही तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण २०२३ मध्ये एल निनो असूनही अतिशय उष्ण समुद्रामुळे २० वादळांना नावे मिळाली.

ऑक्टोबरमध्ये आपले लक्ष आफ्रिकेकडून काढून पश्चिम कॅरिबियन व आखाताकडे वळवावे. उत्तरेकडून उतरणाऱ्या द्रोणीय स्थितीमुळे तिथली वादळे पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे खेचली जातात. २०२४ चे मिल्टन आखाताच्या पश्चिम भागात जन्मून ९ ऑक्टोबरला सारासोटाजवळ किनाऱ्यावर आले.

नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावरील शंकू वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवतो, नुकसानीचा विस्तार नव्हे. २०२२ च्या इयानच्या वेळी सुरुवातीच्या अंदाजांत मध्यरेषा टॅम्पाच्या आसपास होती, पण वादळ लवकर वळून फोर्ट मायर्सजवळ धडकले. टॅम्पाच्या उपसागरातले पाणी वाऱ्याने समुद्राकडे ओढले जाऊन तळ उघडा पडला, तर फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढले. म्हणून नकाशासोबत दर सहा तासांनी निघणारे सविस्तर विवेचन जरूर वाचावे. उच्च दाब कुठे आहे आणि वळण कशावर अवलंबून आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

आपला पत्ता कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये (घर सोडून जाण्यासाठी आखलेल्या क्षेत्रात) येतो हे काउंटीच्या संकेतस्थळावर आजच पाहून ठेवावे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरलेले नसते, आणि सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची वाट मात्र जेमतेम चार-पाच दिवस आधी भरवशाने कळते, तेव्हा हे काम १ जूनला हंगाम सुरू होण्यापूर्वी, मे महिना उजाडण्याच्या आधीच उरकावे.