आयजीबीटी की सिलिकॉन कार्बाइड? मोटार ड्राइव्हमध्ये या चुका टाळा

ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तापतोय म्हटलं की हल्ली सल्ला ठरलेला: "आयजीबीटी काढा, सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट टाका." हे दोन्ही ड्राइव्हमधले, करंट झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच. खर्च होतो, वीजबिल मात्र तिथल्या तिथे. कारण एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो: मोटार दिवसातला जास्त वेळ किती करंट घेते?

फुल लोडचा हिशेब करून डिव्हाइस निवडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आयजीबीटीमध्ये करंट थोडा असला तरी व्होल्टभर ड्रॉप (स्विचमध्येच वाया जाणारं व्होल्टेज) होतोच. मॉसफेट मात्र साध्या रेझिस्टन्ससारखा वागतो. समजा, गरम असताना १५ मिलिओहमचा मॉसफेट आहे. २० अँपिअरला तो ६ वॅट खातो, आयजीबीटी २०. १०० अँपिअरला मॉसफेटचे १५० आणि १.७ व्होल्टच्या आयजीबीटीचे १७०, म्हणजे जवळपास बरोबरी. २०० अँपिअरला पारडं फिरतं: मॉसफेट ६००, तर २.२ व्होल्टचा आयजीबीटी ४४०. शहरात फिरणारी गाडी बहुतेक वेळ हलक्या लोडवर असते, त्यामुळे तिथे सिलिकॉन कार्बाइड शोभतं. २०१७ च्या टेस्ला मॉडेल ३ मध्ये ते उगाच आलं नाही. पण ३-४ किलोहर्ट्झ स्विचिंगवर चालणारा, सतत भरल्या लोडचा कॉम्प्रेसर असेल तर आयजीबीटीला हात लावू नका. स्विचिंगमधली (चालू-बंद होतानाची) बचत तिथे फार नसते.

वर "गरम असताना" म्हटलंय ते मुद्दाम. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा रेझिस्टन्स २५ अंशांचा असतो. साध्या सिलिकॉन मॉसफेटचा तो १५० अंशांना जवळपास दुप्पट होतो. आलेख मागच्या पानांवर असतो, तिथवर जायचा कंटाळा करू नका.

ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये वेगळीच गंमत. १०० व्होल्टचा मॉसफेट उडाला की "जरा दणकट टाकू" म्हणून २०० व्होल्टचा बसवतात. व्होल्टेज रेटिंग वाढलं की त्याच आकाराच्या चिपचा रेझिस्टन्स कितीतरी पटींनी वाढतो. मग दणकट मॉसफेटच आधी भाजतो.

आता केबल. ४१५ व्होल्ट सप्लायवर डीसी बस (ड्राइव्हमधला डीसी पुरवठा) सुमारे ५८५ व्होल्टची. केबल लांब आणि स्विचिंगची कड, म्हणजे व्होल्टेजची चढण, तीव्र असली की मोटारीच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट झटका बसतो. १०० नॅनोसेकंदांच्या कडेला त्यासाठी साधारण साडेसात मीटर केबल लागते, २० नॅनोसेकंदांच्या कडेला दीडच मीटर! जुनी मोटार रिवाइंडिंगला आली आणि वाइंडिंगचे पहिले काही वेढेच जळालेले दिसले, तर आधी ड्राइव्हमध्ये काय बदललं ते विचारा. डीव्ही/डीटी फिल्टर (व्होल्टेजची चढण मंद करणारा) लावा, नाहीतर गेट (स्विचचं कंट्रोल टोक) इथला रेझिस्टर वाढवून कड बोथट करा. बचत थोडी घटेल, मोटार वाचेल.

स्विचला चालू-बंदचा इशारा देणारं जुनं गेट ड्रायव्हर बोर्ड तसंच ठेवणंही नडतं. शॉर्ट सर्किटमध्ये औद्योगिक आयजीबीटी सहसा १० मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड २-३ च. आयजीबीटीच्या हिशेबाने लावलेलं प्रोटेक्शन जागं होईतो मॉड्यूल गेलेलं असतं. डेड टाइमही (एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईतोची मोकळी वेळ) जुनाच, २ मायक्रोसेकंद, राहतो. तेवढ्या वेळात करंट मॉसफेटच्या आतल्याच बॉडी डायोडमधून जातो आणि तिथे ४ व्होल्टपर्यंत ड्रॉप असतो. १६ किलोहर्ट्झ, १०० अँपिअरला एका लेगमागे (वर-खालच्या दोन स्विचच्या जोडीमागे) हे सुमारे २५ वॅट. डेड टाइम ५०० नॅनोसेकंदांवर आणला, तर साडेसहाच्या आत.