मंडळीतले पद उतारवयात कसे सोडावे

सेक्रेटरी, खजिनदार, वडील (एल्डर) किंवा ट्रस्टी म्हणून वीस-तीस वर्षे राबलेली माणसे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळ आहेत. त्यांतले फार थोडे स्वतःहून पद सोडतात. बाकीच्यांचे पद आजारपणात किंवा मरणानेच सुटते. मग बँकेतले पैसे अडकतात, बाप्तिस्म्याचे रजिस्टर कोणाच्या कपाटात आहे ते कळत नाही, आणि नव्या माणसाला विचारायला कोणी उरत नाही. म्हणून हातपाय चालताहेत तोवरच निघावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी मन तयार करा. पद सोडले की देवाची सेवा सोडली, या विचाराने पुष्कळांचा पाय अडतो. बायबलमधले गणना 8:25-26 वाचा: लेव्याने, म्हणजे उपासनेच्या कामाला वाहिलेल्या लेवी वंशातल्या माणसाने, पन्नाशीनंतर नेमलेल्या कामातून निवृत्त व्हावे, पण आपल्या भावांना मदत करत राहावे. कॅथलिक चर्चमध्ये बिशप आणि धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू 75 व्या वर्षी राजीनामा सादर करतात. 2013 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी शक्ती पुरत नाही असे सांगून 85 व्या वर्षी पद सोडले. आपल्याकडे पाळकांना, म्हणजे पगारी धर्मगुरूंना, निवृत्तीचे वय असते. बिनपगारी पदाधिकाऱ्यांना बहुधा नसते. त्यामुळे तारीख तुम्हालाच ठरवावी लागेल.

ती वार्षिक सभेची धरा आणि निदान सहा महिने आधी पाळकसाहेबांना सांगा, मग कमिटीला लेखी द्या. घरच्यांशी मात्र सगळ्यात आधी बोला. कमिटीत वाद पेटलेला असेल तर थांबा, कारण त्या वेळचा राजीनामा कोणत्या तरी गटाच्या हातातले हत्यार होतो.

आपल्यामागे कोण, हे मंडळीला ठरवू द्या. इस्राएलाचा पुढारी मोशे याला दोन मुलगे होते, पण त्याच्या जागी आला एफ्राईम वंशातला यहोशवा, आणि मोशेने त्याच्यावर हात ठेवले ते सगळ्या मंडळीसमोर. निवड झाली की उरलेले महिने इतिवृत्त त्याला लिहू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

आता कागद. इथे घाई करू नका. महाराष्ट्रात मंडळीचा स्वतंत्र नोंदणीकृत ट्रस्ट असेल, तर ट्रस्टी बदलल्याचा चेंज रिपोर्ट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. राजीनामा मंजूर केल्याचा ठराव आणि नव्या ट्रस्टीचे संमतिपत्र त्याच सभेत तयार करून घ्या. तुम्ही घरी बसलात तरी ही नोंद होईपर्यंत सरकारदरबारी तुमचेच नाव राहते. मिळकत धर्मप्रांताच्या (डायोसिसच्या) ट्रस्टकडे असेल तर तिथे कळवा. बँकेतली सही ठरावानिशी बदलून घ्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, कराच्या पावत्या, किल्ल्या, या सगळ्यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. हिशेब तपासून घेतल्याशिवाय पदावरून उतरू नका. इस्राएलाचा न्यायाधीश शमुवेल यानेही निरोप घेताना सगळ्या इस्राएलासमोर विचारले होते, मी कोणाचा बैल घेतला? (1 शमुवेल 12:3)

यादीत न मावणारेही बरेच असते. एखाद्या सकाळी नव्या सेक्रेटरीला घेऊन दफनभूमीत जा. फाटकापासून ओळीने चाला, दगड नसलेल्या कबरींपाशी थांबा आणि कोण कुठे आहे, कोणत्या घराण्याने शेजारची जागा मागून ठेवली आहे, ते त्याला वहीत लिहून घ्यायला सांगा. पुढचे कितीतरी तंटे या एका वहीने मिटतील. तसेच कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाकडे प्रभुभोजन घरी न्यावे लागते, कोणाच्या मुलाची फी मंडळीतून गुपचूप भरली जाते, हे पाळकसाहेबांच्या कानावर घाला.

निरोपाची उपकारस्तुती, म्हणजे आभाराची प्रार्थनासभा, साधी ठेवा. पाच मिनिटे बोला, जुन्या तक्रारी काढू नका.

खरी कसोटी पुढच्या रविवारपासून लागते. लोक फोन करतील, 'काका, हॉलची तारीख तुम्हीच सांगा.' उत्तर एकच द्या: सेक्रेटरींना विचारा. पहिले सहा महिने बोलावले तरी कमिटीच्या बैठकीला जाऊ नका. उपासना मात्र चुकवू नका, घरभेटी वाढवा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. उरलेली दोन वर्षे त्यांनी त्यालाच दिली.

नव्या माणसाचे काही चुकते आहे असे वाटले, तर त्याच्या घरी जाऊन, एकट्याला, एकदाच सांगा. ऐकले नाही तर गप्प राहा. प्रश्न मंडळीच्या पैशाचा असेल तर मात्र गप्प बसू नका. पाळकसाहेबांना लेखी कळवा.